चार म्हणजे चार प्लेटी नव्हेत: मलेशियन हॉकर नूडल्स कशा मागवाव्यात, कशा खाव्यात

मेलबर्नमध्ये क्लेटन, ग्लेन वेव्हर्ली, बॉक्स हिल या पट्ट्यात आपली घरंही पुष्कळ आणि मलेशियन हॉटेलंही पुष्कळ. तरी नव्याने आलेली मंडळी तिथून बहुतेक वेळा कुरकुरत बाहेर पडतात. नूडल्सचा गोळा झाला होता. व्हेज सांगूनही कोळंबी निघाली. लाक्सा, म्हणजे रश्शातल्या नूडल्स, एवढं तिखट की नाकाडोळ्यांतून पाणी. "हॉक्कियन मी" नावाच्या नूडल्स मागवल्या आणि भलतंच काहीतरी काळं समोर आलं.

गेली काही वर्षं पाहुणे, भाचे, नवे विद्यार्थी असे सगळे माझ्याबरोबर या हॉटेलांत येऊन गेलेत, आणि माझा अनुभव असा की यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ स्वयंपाकघरात नसून आपल्या टेबलावर असतं. हॉकर म्हणजे गाडीवाला. एक माणूस, एक पदार्थ, एका वेळी एक प्लेट, आणि खाणारा समोर उभा. परदेशातल्या हॉटेलात गाडी नसते, पण पदार्थ त्याच हिशेबाने बनतो. आपण मात्र तो पंगतीच्या हिशेबाने खायला जातो. सगळी गडबड तिथे होते.

१. घरातून निघण्याआधी

आधी माणसं मोजा. दोन ते चार जण उत्तम, सहा म्हणजे फार झाले. बारा जणांचं टेबल राखून जाण्याची ही जागा नव्हे. कारण साधं आहे: चार क्वे त्यावसारख्या परतलेल्या नूडल्स मोठ्या आचेवर एकेक, फार तर दोन-दोन प्लेटींच्या घाण्यात होतात. एकाच टेबलावरून त्याच पदार्थाच्या आठ प्लेटी मागवल्या, तर आचारी त्या एकदम टाकतो. वोक म्हणजे ती खोलगट कढई भरली की आच पुरत नाही, नूडल्स परतल्या न जाता वाफेवर शिजतात, आणि मग गोळा. नातेवाइकांचा मोठा ताफा असेल तर प्रत्येक दोघांनी वेगळा पदार्थ मागवायचा, हे घरीच ठरवून टाका.

मग वेळ. दुपारी बारा ते दीड तुडुंब गर्दी असते. साडेअकराला पोचलात तर वोक तापलेला आणि आचारी ताजातवाना. बऱ्याच ठिकाणी अडीच-तीनला स्वयंपाकघर बंद होतं ते पाचलाच उघडतं, आणि रात्रीही लवकर आवरतं. आपल्या साडेनऊच्या जेवणाला तिथे खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या असतात. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बिलावर अधिभार लागू शकतो. दारावर किंवा मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते वाचा.

शेवटचं म्हणजे कोणत्या प्रकारच्या हॉटेलात जायचं. "मलेशियन" या एका पाटीखाली तीन वेगवेगळी स्वयंपाकघरं असतात:

- चिनी मलेशियन. चार क्वे त्याव, वानतान मी, हॉक्कियन मी, करी लाक्सा हे सगळं इथलं. डुकराचं मांस आणि चरबी इथे सर्रास.
- ममाक. तमिळ मुसलमानांची परंपरा. मी गोरेंग, रोटी चनाई (पापुद्र्यांचा पराठा), तेह तारिक. हलाल असतं, डुक्कर नसतं, पण गोमांस असू शकतं.
- मलय. हेही हलाल. मी रेबुस, मी सोतो वगैरे. गोमांसाचं तेच.

म्हणजे आई गोमांस खात नसेल आणि भाऊ डुक्कर खात नसेल, तर कोणतं हॉटेल धरायचं याचा निर्णय गाडीत बसण्याआधी होतो.

सावधान: कोळंबी-शिंपल्यांची खरी ॲलर्जी कुणाला असेल तर या जेवणाला नेऊच नका. कोळंबी बाजूला काढून काम भागत नाही. ती चटणीत असते, रश्शात असते, वोकमध्ये आधीच्या प्लेटीची उरलेली असते.

पांढरा शर्ट घालू नका. लाक्साच्या हळदीचा डाग ऑस्ट्रेलियन साबणाला दाद देत नाही.

२. नाव फोडून वाचा

आमचे एक काका पहिल्यांदा आले तेव्हा मी काउंटरवर म्हटलं, "वन चार क्वे त्याव." काका मागून घाईघाईने म्हणाले, "अरे चार कशाला, आपण तिघंच आहोत!" चार म्हणजे हॉक्कियन बोलीत परतलेलं. क्वे त्याव म्हणजे तांदळाच्या चपट्या पट्ट्या. झालं.

जवळजवळ प्रत्येक नाव असं दोन तुकड्यांचं असतं: नूडल कोणती आणि तिचं केलंय काय. नूडल्स लक्षात ठेवण्यापुरत्या इतक्याच:

- मी: गव्हाच्या, गोल, पिवळ्या. पिवळा रंग अंड्याचाच असतो असं नाही. आपल्या पापडखारासारखा खार घातल्याने पीठ पिवळं आणि चिवट होतं.
- क्वे त्याव: तांदळाच्या रुंद, मऊ, गुळगुळीत पट्ट्या. कॅन्टनी हॉटेलात यांनाच हो फन म्हणतात.
- बीहुन: तांदळाच्या बारीक शेवया. आपल्या शेवयांसारख्याच, रस्सा पिऊन फुगतात.
- वानतान मी: बारीक, करकरीत. यात बहुधा अंडं असतं.
- लाओ शू फन: तांदळाच्या आखूड, दोन्ही टोकांना निमुळत्या. नावाचा अर्थ उंदीर-नूडल, पण तो केवळ आकारावरून. घाबरू नका.

आता कृती. गोरेंग आणि चार म्हणजे परतलेलं. सूप म्हणजे सूपच. ड्राय म्हणजे रश्शाशिवाय, सॉसमध्ये घोळवलेलं, आणि सूप वेगळ्या छोट्या वाटीत. एवढं कळलं की मेनूतले निम्मे पदार्थ वाचता येतात.

दोन नावं मात्र फसवी आहेत, तिथे थांबा.

हॉक्कियन मी. हे नाव तीन गावांत तीन पदार्थांना आहे. पेनांगमध्ये कोळंबीच्या डोक्यांचा लालसर, तिखट रस्सा आणि त्यात नूडल्स. क्वालालंपूरमध्ये जाड नूडल्स गडद सोया सॉसमध्ये शिजवून काळ्या कुळकुळीत केलेल्या, वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. सिंगापुरात फिक्या रंगाच्या, कोळंबीच्या अर्कात मुरवलेल्या, बाजूला लिंबू आणि सांबाल, म्हणजे मिरचीची चटणी. हॉटेलवाला कुठला, त्यावर तुमच्यापुढे काय येणार ते ठरतं. विचारा: "सूप की काळं?" हाच प्रश्न, दुसरा नको.

लाक्सा. नुसतं लाक्सा लिहिलं असेल तर परदेशात ते बहुधा करी लाक्सा: नारळाच्या दुधाचा तर्रीवाला रस्सा. पेनांगी माणसाच्या हॉटेलात याला करी मी म्हणतात, कारण त्याच्या लेखी लाक्सा म्हणजे असाम लाक्सा. त्यात नारळ अजिबात नाही, मासा आणि आंबट. दोघांत आपल्या सोलकढी आणि कढीइतका फरक आहे.

तपासा: ऑर्डर देण्याआधी शेजारच्या टेबलावर काय आलंय ते सरळ बघून घ्या. इथे कुणी रागावत नाही. बोट दाखवून "तेच" म्हणणं ही या हॉटेलांतली मान्य भाषा आहे.

३. काय नको, ते आधी ठरवा

इथे आपली माणसं सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

"व्हेज" हा शब्द एकटा पुरत नाही. तो ऐकून आचारी वरचं मांस काढतो. खालचं तसंच राहतं: सांबालमधलं बेलाचान, रश्शातला कोळंबीचा अर्क, परतायला घेतलेली डुकराची चरबी, माशाचे गोळे, माशाचा केक. बेलाचान म्हणजे जवळ्याच्याच जातीची बारीक कोळंबी मीठ लावून, आंबवून, वाळवून केलेली वडी. मसाल्यात विरघळलेली, दिसत नाही. कोकणातल्या माणसाला वासावरून लगेच कळेल. देशावरच्या शाकाहारी माणसाला "काहीतरी वेगळाच मसाला आहे" एवढंच वाटेल, आणि तो वाटीभर खाऊन बसेल. माझ्या एका मित्राच्या आईचं असंच झालं, चतुर्थी नव्हती एवढंच नशीब.

म्हणून शब्द सुटे करून सांगा: "नो मीट, नो सीफूड, नो बेलाचान, नो लार्ड." अंडं चालत नसेल तर तेही वेगळं सांगा, तिथे व्हेजमध्ये अंडं धरतात.

शाकाहारी माणसाने मागवायचं काय? माझ्या मते क्रम असा:

१. ममाक हॉटेलात मी गोरेंग, अंडं-कोळंबी वगळून. बटाटा, टोफू, मोड, टोमॅटो, मिरची एवढ्यावर ते उत्तम जमतं. पण त्याच्या मिरचीच्या वाटणात बेलाचान आहे का, हे विचारायचंच.
२. चिनी बौद्ध शाकाहारी हॉटेल जवळ असेल तर तिथलं लाक्सा. मांस-मासे नाहीत आणि बहुतेक ठिकाणी कांदा-लसूणही नाही.
३. यातलं काही नसेल तर रोटी चनाई आणि डाळ. पिठात अंडं आहे का, डाळीत मांसाचा रस्सा मिसळलाय का, एवढं विचारा.

साध्या चिनी मलेशियन हॉटेलात "व्हेज लाक्सा" लिहिलेलं असेल तर मी तरी मागवत नाही. भाज्या वेगळ्या असतात, रश्शाचं पातेलं तेच असतं.

मांसाहारी असाल पण काही वर्ज्य असेल, तर एवढं लक्षात ठेवा. चार क्वे त्यावमध्ये लाप चोंग नावाचं गोडसर सॉसेज असतं, ते डुकराचं. वानतान मीवरचे लालसर काप, चार सिउ, तेही डुकराचे, आणि वानतानच्या, म्हणजे पातळ पारीच्या छोट्या पुरचुंड्यांच्या, आत बहुतेक डुक्कर-कोळंबी. मेनूवर दागिंग असेल तर शब्दकोशात त्याचा अर्थ मांस, पण मलेशियन मेनूवर बहुतेक वेळा गोमांस. आयाम म्हणजे कोंबडी, उदांग म्हणजे कोळंबी, इकान म्हणजे मासा, तेलुर म्हणजे अंडं.

सावधान: "नो पोर्क, नो लार्ड" अशी पाटी म्हणजे हलाल नव्हे, आणि शाकाहारी तर नव्हेच. त्या पाटीखाली गोमांस असू शकतं.

४. काउंटरवर: कोणत्या क्रमाने बोलायचं

काउंटरवरच्या आँटीला लांबलचक प्रस्तावना नको असते. तिच्या मागे सात जण उभे असतात. क्रम असा ठेवा: पदार्थ, नूडल, सुकं की सूप, तिखट किती, काय नको. उदाहरणार्थ: "करी लाक्सा, मिक्स नूडल, लेस स्पायसी, नो कॉकल्स." (कॉकल्स म्हणजे एक प्रकारचे शिंपले.)

मिक्स नूडल ही गोष्ट आपल्या लोकांना माहीतच नसते. लाक्सासाठी अर्ध्या पिवळ्या मी आणि अर्ध्या बीहुन मागा. बीहुन रस्सा ओढून घेते, मी चावायला राहते. एकट्या बीहुनचं लाक्सा पंधरा मिनिटांत रस्सा संपवून बसतं, आणि मग लोक म्हणतात रस्साच कमी दिला.

तिखटाबद्दल मराठी माणसाचा अहंकार आड येतो. "आम्ही कोल्हापूरचे" हे आँटीला ठाऊक नाही आणि तिला त्याचं काही पडलेलं नाही. पहिल्या वेळी मध्यम मागा. चार क्वे त्याव मात्र वेगळं प्रकरण: त्यात मिरचीचं वाटण परततानाच पडतं, नंतर वरून घालून तो स्वाद येत नाही. तिखट हवं असेल तर ते आत्ता, काउंटरवरच सांगायचं. उलट रश्शाच्या पदार्थांत तिखट नंतर वाढवता येतं, म्हणून तिथे कमी मागून "सांबाल ऑन द साइड" म्हणायचं.

शेझवान सॉस मागू नका. तो मिळणार नाही, आणि मिळाला तर त्या हॉटेलात परत जाऊ नका.

पेय त्याच वेळी सांगा. तेह तारिक म्हणजे कंडेन्स्ड मिल्कचा, वरून खाली ओतून फेस काढलेला चहा. आपल्या चहापेक्षा बराच गोड. "लेस शुगर" म्हणा. मलेशियात असाल तर "कुरांग मानिस". कोपी ओ मागवलीत तर दूध नाही पण साखर असते. दोन्ही नको असेल तर कोपी ओ कोसोंग. लाक्साबरोबर गार लिंबू-चहा, तेह ओ आइस लिमाउ, माझ्या मते सगळ्यात बरा. पाण्याची बाटली-ग्लास सहसा कोपऱ्यात ठेवलेले असतात, आपले आपण आणायचे.

खुद्द पेनांग किंवा क्वालालंपूरच्या कोपितियाममध्ये, म्हणजे कॉफीच्या हॉटेलात, जेवत असाल तर एक फरक: तिथे प्रत्येक गाडीचा मालक वेगळा आणि पेयांचा मालक वेगळा. आधी टेबल धरायचं, त्याचा नंबर लक्षात ठेवायचा, गाडीवर जाऊन ऑर्डर आणि टेबल नंबर सांगायचा, आणि प्लेट आली की तिथल्या तिथे पैसे द्यायचे. पेयवाला आपण होऊन विचारायला येतो. काहीतरी घ्यावंच, टेबल त्याचं असतं.

तपासा: आँटीने ऑर्डर उलट वाचून दाखवली का? नाही दाखवली तर तुम्हीच "नो लार्ड, येस?" असं एकदा विचारा. प्लेट आल्यावर परत पाठवणं दोघांनाही अवघड जातं.

५. प्लेट आली: पहिली पाच मिनिटं

थांबू नका. पंगतीत सगळ्यांना वाढून होईपर्यंत हात न लावणं हा आपला संस्कार, पण इथे तो बाहेर ठेवा. प्लेटी एकदम येत नाहीत, ज्याची आली त्याने सुरुवात करायची. चार क्वे त्यावला वोकचा जो धुरकट, किंचित करपलेला वास असतो, त्याला कॅन्टनीत वोक हेई म्हणतात. तो फार थोडा वेळ टिकतो. सासरे, मेहुणा, मुलं, सगळ्यांचं येईपर्यंत माझी प्लेट बारा मिनिटं तशीच ठेवून मी एकदा सभ्यपणा केला. पट्ट्या एकमेकींना चिकटल्या, तेल तळाशी थिजलं, आणि मेहुणा म्हणाला, "यात काय एवढं?" त्याचं बरोबर होतं.

फोटो एक काढा. एकच.

मग पदार्थाप्रमाणे:

सुकं वानतान मी. सॉस तळाशी असतो, वरून नूडल्स फिक्या दिसतात. चॉपस्टिक्स तळापर्यंत घालून भेळ कालवतो तसं खालून वर कालवा, प्रत्येक नूडल तपकिरी होईपर्यंत. हे लगेच करायचं. दोन मिनिटं गेली तर घरटं तयार होतं आणि मग सुटत नाही. सूपची वाटी वेगळी येते. ती नूडल्सवर ओतू नका, मधेमधे चमच्याने प्यायची असते. हिरव्या मिरच्यांचे काप व्हिनेगरमध्ये मुरवलेले असतात, त्या तिखटापेक्षा आंबट लागतात. निर्धास्त घ्या.

करी लाक्सा. मिसळीचा नियम: आधी नुसता रस्सा, एक चमचा. मग सांबाल. सांबाल पूर्ण वाटीत ढवळून टाकलं की परतीचा रस्ता नाही, म्हणून ते चमच्यात घ्या, त्यात थोडा रस्सा आणि नूडल्स घ्या आणि तो घास खा. जमलं तर पुढच्या घासाला वाढवा. लिंबाची फोड असेल तर अर्धी वाटी संपल्यावर पिळा. सुरुवातीला नारळाचा स्वाद घ्यायचा, तोंडाला मिठी बसू लागली की लिंबू.

सावधान: लाक्सातले टोफूचे फुगीर चौकोन ही सर्वांत धोक्याची वस्तू. कटात बुडवलेल्या वड्यासारखे ते रस्सा पिऊन बसतात, आणि आतला रस्सा उकळता असतो. अख्खा तोंडात टाकलात तर टाळू सोलून निघतो. चमच्यात घेऊन चॉपस्टिकने दाबा, रस्सा सांडू द्या, मग खा. मुलांच्या वाटीतले आधी काढून बाजूला ठेवा.

असाम लाक्सा. याला जरा जास्त वेळ देतो, कारण मेनूवर ते दिसलं तर कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसाने दुसरं काही मागवूच नये असं माझं मत आहे. त्यातला मासा इकान केम्बुंग, म्हणजे आपला बांगडाच. परदेशात ताजा मिळाला नाही तर डब्यातला मासाही वापरतात. आंबटपणा चिंचेचा, आणि जोडीला असाम केपिंग नावाच्या वाळवलेल्या चकत्यांचा. त्या चकत्यांचं झाड कोकमाच्याच कुळातलं. म्हणजे बांगडा आणि आमसुलाचा भाऊबंद. ओळखीचाच संसार, फक्त नारळ नाही. मासा शिजवून कुस्करलेला असतो, म्हणून रस्सा गढूळ, दाट, तळाशी गाळ असलेला दिसतो. तो खराब नाही, तसाच हवा. वर काकडी, अननस, कांदा, पुदिना, आणि आल्याच्या जातीच्या एका गुलाबी फुलाचा चिरलेला कळा.

बरोबर एका चमच्यात काळं, घट्ट, काकवीसारखं काहीतरी येतं. माझ्या बायकोला ती चिंचेची चटणी वाटली आणि तिने तो चमचा सरळ तोंडात घातला. ते हे को, कोळंबीचा गोड-खारट पाक. नुसतं खायचं नसतं. आधी अर्धा चमचा रश्शात ढवळा, चव बघा, मग उरलेलं. आंबट-तिखट रस्सा त्याने एकदम गोलाईवर येतो. वास उग्र वाटला तर सुकटीची आठवण काढा आणि पुढे व्हा.

मी गोरेंग. लिंबू पिळा, कालवा, खा. यात चुकण्यासारखं फारसं काही नाही.

काळं हॉक्कियन मी. बाजूच्या वाटीतलं सांबाल बेलाचान यासाठीच असतं. प्लेटभर कालवायचं नाही, एकेका घासाला टोकावर लावायचं.

तपासा: परतलेल्या नूडल्स आल्या आल्या वाफ आहे का, धुराचा वास आहे का, आणि प्लेटीच्या तळाशी पाणी साचलंय का? पाणी साचलं असेल तर वोक भरला होता. त्या हॉटेलात पुन्हा गेलात तर गर्दीची वेळ टाळा आणि एकच प्लेट मागवा. तरीही पाणी, तर हॉटेल बदला.

६. हात, चमचा, चॉपस्टिक्स

रश्शाच्या नूडल्सना दोन्ही हात लागतात. उजव्या हातात चॉपस्टिक्स, डाव्या हातात तो चिनी खोलगट चमचा. नूडल्स उचलायच्या, चमच्यात ठेवायच्या, त्यात थोडा रस्सा घ्यायचा आणि चमचा तोंडाशी न्यायचा. वाटीपासून तोंडापर्यंत लोंबत नेल्या तर शर्टाचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. भुरका मारला तर कुणी वळून बघत नाही.

चॉपस्टिक्स जमत नसतील तर काटा मागा, लाज कसली. ममाक आणि मलय हॉटेलात मुळातच काटा-चमचाच असतो. डाव्या हातातल्या काट्याने चमच्यात लोटायचं, चमचा उजव्या हातात. खायला थांबलात तर चॉपस्टिक्स वाटीवर आडव्या ठेवा. अन्नात उभ्या खुपसून ठेवू नका. चिनी घरात मृतांपुढे उदबत्त्या तशा लावतात.

प्रत्येकाची चव घ्यायची असेल तर छोटी वाटी मागा आणि सुरुवातीलाच, आपला चमचा बुडवण्याआधी, काढून द्या. माझी वाटी तुझ्याकडे, तुझी माझ्याकडे असं फिरवत बसलात तर दोघांचंही गार होतं.

कॉकल नावाचे शिंपले घातलेले असतील तर ते अर्धेकच्चे, लालसर रसाचे असतात. सवय नसेल, गरोदरपण असेल किंवा पोट नाजूक असेल तर सरळ वगळायला सांगा.

७. बिल आणि पार्सल

बिल काउंटरवर, टेबल नंबर सांगून. बरीच हॉटेलं एका टेबलाचं बिल तोडून देत नाहीत, त्यामुळे एकाने भरा आणि बाकीच्यांनी फोनवरून पाठवा. "मी देतो, मी देतो" ही झटापट आँटीपुढे करू नका, रांग थांबते. ऑस्ट्रेलियात टिप सक्तीची नाही.

पार्सलला तिथे तापाव म्हणतात, मलयमध्ये बुंगकुस. चार क्वे त्यावचं पार्सल नेऊच नका. डब्यातल्या वाफेने दहा मिनिटांत त्याची खिचडी होते. लाक्सा मात्र छान जातं, पण "सूप सेपरेट" असं सांगा. नूडल्स एका डब्यात, रस्सा दुसऱ्यात. नाही सांगितलं तर घरी पोचेपर्यंत रस्सा नूडल्सच्या पोटात गेलेला असतो.

नारळाचं दूध आणि कोळंबी दोन्ही नाजूक. ऑस्ट्रेलियात खाद्यव्यवसायांसाठी जो हिशेब सांगतात तो घरीही पाळावा: ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मध्ये अन्न २ तासांहून कमी राहिलं असेल तर फ्रिजमध्ये ठेवता येतं, २ ते ४ तास झाले असतील तर लगेच खाऊन टाकायचं, ४ तासांवर गेलं तर फेकायचं. पार्सल गाडीत ठेवून मॉलमध्ये भटकणं या हिशेबात बसत नाही.

गरम करताना रस्सा वेगळ्या पातेल्यात, ढवळत, वाफा येऊन नीट तापेपर्यंत. खळाखळा उकळलात तर नारळाचं दूध फुटतं. नूडल्सवर चाळणीत उकळतं पाणी ओता, निथळा, वाटीत घ्या, वर रस्सा. परतलेल्या नूडल्स उरल्याच असतील तर बिडाच्या तव्यावर पाण्याचा एक हबका मारून, मोठ्या आचेवर, थोड्या-थोड्या.

ऑफिसच्या डब्यात नेणार असाल तर असाम लाक्सा नेऊ नका. पॅन्ट्रीतल्या मायक्रोवेव्हचं दार उघडलं की पूर्ण मजल्याला कळतं, आणि मग पुढचे दोन दिवस नाव आपलंच.